दुसरा गृहस्थाश्रम

मराठी साहित्यात वार्धक्याचा प्रवेश झाला की डोळ्यांना पदर लागलाच पाहिजे, असा एक अलिखित करार लेखक, वाचक आणि समीक्षक यांच्यात झालेला दिसतो. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' (1970) आणि जयवंत दळवींचे 'संध्याछाया' (1973) ही या कराराची दोन ठळक कलमे. नाटके म्हणून दोन्ही मोठी आहेत; दोष त्यांचा नाही. दोष आहे तो त्यांच्या छायेत वाढलेल्या लेखनाचा आणि त्या लेखनातील अश्रूंनाच कलामूल्य समजणाऱ्या समीक्षेचा. घराबाहेर पडलेले आप्पासाहेब बेलवलकर आणि वाट पाहणारे नाना-नानी यांपलीकडे आईवडिलांच्या वाट्याला काही येऊ शकते, हे या परंपरेने फारसे मनावर घेतलेच नाही. परदेशी गेलेला मुलगा कृतघ्न आणि मागे उरलेले मायबाप केविलवाणे, हे समीकरण रूढ झाले. मागे न उरता मुलांच्या पाठोपाठ गेलेल्या, तेथे त्यांच्या धावत्या संसारात पुन्हा कंबर कसून उभ्या राहिलेल्या आईवडिलांना या समीकरणात जागाच नाही.

शेजारच्या भाषेने निदान त्यांना विमानात बसवले. सुधा मूर्ती यांची 'डॉलर सोसे' ही कन्नड कादंबरी बेंगळुरूच्या घराची कथा सांगते. ती 'डॉलर बहू' या नावाने मराठी वाचकापर्यंत पोहोचली, 2001 मध्ये तिच्यावर हिंदी दूरचित्रवाणी मालिकाही आली. ही कथा बेंगळुरूत घडावी हे साहजिकच होते. 1981 मध्ये पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस 1983 मध्ये त्या शहरात गेली आणि पुढे तेथील मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात अमेरिका हा घरगुती विषय झाला. मराठी घरेही त्यातून सुटली नाहीत. (मराठी माणूस तेथे उपरा नाही, ती शहाजीराजांची जहागीर, आणि मल्लेश्वरम्‌मधील काडु मल्लेश्वराचे देऊळ व्यंकोजींनी बांधले असे सांगतात.)

कादंबरीतील गौरम्मा मुलाकडे अमेरिकेला जाते. पण तेथे ती काय करते? लेखिकेने अमेरिकेला सुनांची परीक्षा घेण्याचे केंद्र केले आहे. डॉलरवाली सून अनुत्तीर्ण होते, रुपयावाली विनुता उत्तीर्ण होते आणि सासूचे डोळे उघडतात. लोकप्रियतेला हे पुरेसे आहे, वाङ्मयाला नाही. सुनांच्या गुणपत्रिका लिहिताना गौरम्माचा स्वतःचा दिवस कोरा राहतो.

तो दिवस कसा असतो? पूर्वी लेक बाळंतपणाला माहेरी येत असे. आता डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा पेटीत भरून माहेरच तिच्याकडे जाते. ज्या बाईने तीस-चाळीस वर्षे घर आपल्या घड्याळावर चालवले, ती आता दुसऱ्याच्या घड्याळात नांदू लागते. नातवंडाला पाळणाघरातून कोणी आणायचे, ओला कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, फोडणीच्या धुराने भिंतीवरचा भोंगा वाजू नये म्हणून काय करायचे, हे तिला लेक किंवा जावई शिकवतात. मल्लेश्वरम्‌च्या आठव्या क्रॉसवर रोज पायी बाजार करणारीला उपनगरात मोटारीवाचून कोथिंबीर मिळत नाही. निवृत्त कारकून असलेला नवरा भांडी धुण्याच्या यंत्रात ताटे रचायला शिकतो, आणि शिकतो हे विशेष. भारतीय आश्रमव्यवस्थेने या वयासाठी वानप्रस्थ सांगितला होता. येथे साठी उलटल्यावर माणूस पुन्हा गृहस्थाश्रमात ओढला जातो. कर्तव्ये सगळी परत येतात, फक्त अधिकार परत येत नाही. सत्तेवाचून संसार करण्याची ही जी अवघड कला आहे, तिच्यात विनोद आहे, अपमान आहे, आणि पुष्कळ वेळा एक अनपेक्षित तारुण्यही आहे. रडक्या कथेला यांपैकी एकच गोष्ट दिसते.

यावर कोणी म्हणेल की कृतघ्नता हे वास्तव आहे. नसते तर 2007 मध्ये आईवडिलांच्या चरितार्थासाठी संसदेला कायदा का करावा लागला? वास्तव आहेच. पण कायदा पोटगी देववू शकतो. नातवाच्या अंथरुणाशी पहाटे तीनला जागणाऱ्या आजीचे स्थान ठरवू शकत नाही. परदेशांच्या कायद्यांना तर ती धड ओळखताच येत नाही. अमेरिकेत तिचा प्रवेश पाहुणी म्हणून होतो, एका खेपेला सामान्यतः सहा महिने, आणि नोकरीची मनाई. कॅनडाने 2011 मध्ये आईवडील व आजीआजोबांसाठी 'सुपर व्हिसा' काढला. 2022 पासून त्यावर सलग पाच वर्षे राहता येते. पाच वर्षे राहणारा माणूस पाहुणा कसा? हा प्रश्न कादंबरीकाराचा आहे, आणि मराठी कादंबरीकार तो वकिलांवर सोडून वृद्धाश्रमाच्या पायरीशी जाऊन बसला आहे.

'डॉलर सोसे'ला ही संधी हाताशी होती. गौरम्मा बेंगळुरूला परतते तेव्हा धाकटा मुलगा आणि विनुता धारवाडला गेलेले असतात. कादंबरी याकडे पश्चात्तापाचा प्रसंग म्हणून पाहते आणि पुढे सरकते. पण भरल्या घरात पाहुणी असलेली बाई आता रिकाम्या घराची मालकीण झाली आहे. डबे तिने ठेवले तेथेच राहणार आहेत, घड्याळ पुन्हा तिचे आहे, आणि भात दोघांपुरताच टाकायचा आहे. लेखिकेने या स्वयंपाकघरात आणखी काही पाने थांबायला हवे होते.