विद्यापीठांनी भूमीचे ऋण फेडावे

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी भरून निघालेली रेल्वेगाडी लातूरच्या स्थानकात पोहोचली. पहिल्या खेपेस १० टाक्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. मांजरा धरण आटले होते आणि तीनशेहून अधिक किलोमीटर अंतरावरून येणाऱ्या पाण्याकडे सारे शहर डोळे लावून बसले होते. हे लातूर म्हणजे ज्याच्या नावाने शिक्षणाचा एक ‘पॅटर्न’ महाराष्ट्रभर प्रसिद्ध पावला, ज्याच्या गुणवंतांनी वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांची दारे वर्षानुवर्षे उघडली, ते लातूर. परीक्षेत राज्याला मागे टाकणारे गाव पाण्याच्या परीक्षेत नापास का झाले, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात राज्यकर्त्यांना विचारला गेला, प्रशासनाला विचारला गेला, उसालाही विचारला गेला. विद्यापीठांना तो विचारावा, असे मात्र फारसे कोणाच्या मनात आले नाही.

खरा चिंतेचा विषय हाच आहे. पर्यावरणाचे प्रश्न शासनाने सोडवावेत, स्वयंसेवी संस्थांनी त्यावर आंदोलने करावीत आणि न्यायालयांनी निवाडे द्यावेत, अशी वाटणी आपण मनोमन करून टाकली आहे. ज्या संस्थांच्या दारावर ज्ञानाची पाटी आहे, त्यांच्याकडून समाजाची अपेक्षा पदवीच्या कागदापलीकडे जात नाही. याचे मूळ दूरवर आहे. १८५७ मध्ये मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथे जी विद्यापीठे स्थापन झाली, त्यांच्यापुढे लंडन विद्यापीठाचा आदर्श होता. महाविद्यालयांना संलग्न करून घेणे, परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हे त्यांचे प्रमुख कार्य. ज्या भूमीवर ती उभी होती, त्या भूमीच्या नद्या, माती आणि वने यांच्याशी त्यांचे नाते जोडले गेले नाही. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांची संख्या वाढली, नावे बदलली. परंतु घडण बऱ्याच अंशी तीच राहिली.

पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करावे हा विचारदेखील विद्यापीठांतून आला नाही, तो न्यायालयातून आला. महेश चंद्र मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तसे निर्देश दिले. त्यांची अंमलबजावणी होत नाही म्हणून २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावे लागले, आणि त्यानंतर पदवीच्या सर्व शाखांना सहा महिन्यांचा पर्यावरण अभ्यासक्रम लागू झाला. विद्यापीठ अनुदान आयोगासाठी त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. अभ्यासक्रम आखणाऱ्यांची दृष्टी निश्चितच चांगली होती. १०० गुणांपैकी २५ गुण क्षेत्रकार्यासाठी ठेवलेले होते. विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील नदी, वन, डोंगर वा गवताळ भूमी प्रत्यक्ष पाहावी, एखादे प्रदूषित स्थळ अभ्यासावे आणि त्याची नोंद करावी, अशी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात काय घडले, हे ज्यांच्या घरात महाविद्यालयात जाणारा मुलगा वा मुलगी आहे, त्यांनी पाहिलेच आहे. बाजारातून तयार प्रकल्पवही आणायची, चित्रे चिकटवायची, मागील वर्षीच्या वहीतून मजकूर उतरवायचा आणि गुण पदरात पाडून घ्यायचे. नदीवर न जाता नदीचा अहवाल तयार होतो! राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले आणि त्याला अनुसरून आयोगाने २०२३ मध्ये पदवी स्तरावरील पर्यावरण शिक्षणाची नवी चौकट दिली. ती स्वागतार्ह आहे. परंतु चौकट बदलली आणि वही तीच राहिली, तर हाती काय लागणार?

वास्तविक या २५ गुणांमध्ये केवढे सामर्थ्य आहे याचा विचार करावा. एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयात एका वर्गाला ५०० विद्यार्थी आहेत असे समजू. दहा-दहा जणांचा गट केला तर ५० गावे होतात. प्रत्येक गटाने एका गावातील ठरावीक विहिरींची पाणीपातळी पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात मोजली, पेरा कोणता व किती याची नोंद केली, ओढ्याचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत वाहते हे टिपले, आणि पुढील वर्षीच्या गटाने तेथूनच काम पुढे नेले, तर दहा वर्षांत त्या तालुक्याचा जलइतिहास तयार होईल. यास ना मोठी प्रयोगशाळा लागते, ना परदेशी निधी. लागते ती एक मोजपट्टी, एक नोंदवही आणि विद्यार्थ्यांना विहिरीपर्यंत घेऊन जाणारा प्राध्यापक.

ही माहिती दिल्लीच्या पुस्तकात मिळणार नाही. महाराष्ट्राच्या भूमीचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. या खडकात पाणी भेगांतून आणि थरांमधील सांध्यांतून फिरते. त्यामुळे एका विहिरीला मुबलक पाणी आणि शंभर हातांवरची दुसरी कोरडी, हा अनुभव गावोगावी येतो. अशा भूमीचे गणित गावागणिक वेगळे असते आणि ते गावात जाऊनच मांडावे लागते.

असे कार्य होऊ शकते, याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. कोकणात पाऊस धो-धो पडतो, पण जांभ्या जमिनीत तो ठरत नाही आणि उन्हाळ्यात आंबा-काजूची नवी कलमे पाण्यावाचून वाळतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने यावर ‘जलकुंडा’चा उपाय पुढे आणला. कातळावर वा उतारावर खड्डा घ्यायचा, त्यास प्लास्टिकचे अस्तर लावायचे, पावसाचे पाणी साठवून वर आच्छादन घालायचे आणि उन्हाळ्यात तेच कलमांना पुरवून पुरवून द्यायचे. लहान शेतकऱ्याला परवडेल असे हे तंत्र कोकणच्या प्रश्नातून कोकणातच घडले. आयआयटी मुंबईमध्ये १९८५ पासून ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारे केंद्र आहे. त्याच परंपरेतून राज्य शासनाचे उन्नत महाराष्ट्र अभियान २०१६ मध्ये आकारास आले. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षक-विद्यार्थ्यांनी आपल्या जिल्ह्यातील पाणी, शेती, ऊर्जा यांचे खरे प्रश्न अभ्यासावेत आणि ते अहवाल प्रशासनाच्या उपयोगी पडावेत, ही त्यामागील कल्पना. येथे शिक्षण, संशोधन आणि लोकोपयोग या तीन गोष्टी वेगळ्या राहत नाहीत.

आपल्या विचारविश्वाला हे नवे नाही. दीनदयाळजींनी १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शन मांडले. व्यष्टी, समष्टी, सृष्टी आणि परमेष्ठी यांचा परस्परसंबंध आपण त्या आधारेच सांगत आलो. निसर्गाचे दोहन करावे, शोषण नव्हे, हे वाक्यही आपल्या बौद्धिकांतून असंख्य वेळा उच्चारले गेले आहे. परंतु दोहन कोठे संपते आणि शोषण कोठे सुरू होते, हे एखाद्या गावापुरते तरी आकड्यांत कोण सांगणार? गाईच्या वासराला किती दूध ठेवायचे हे गवळ्याला ठाऊक असते. भूजलातून किती उपसायचे आणि पुढच्या पिढीसाठी किती ठेवायचे, हे विद्यापीठाने सांगायचे असते. त्या मोजमापाशिवाय तत्त्वज्ञान हे केवळ सुभाषित ठरते. पृथ्वीला माता म्हणायचे आणि तिच्या नद्यांची गटारे झालेली निमूट पाहायची, ही विसंगती आपण आणखी किती काळ मिरवणार?

परंपरा आणि विज्ञान एकत्र आले की काय साधते, हे देवरायांच्या अभ्यासाने दाखवले आहे. देवाच्या नावाने राखलेली ही वने ग्रामसमाजाने शतकानुशतके जपली. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला आणि लोकांची श्रद्धा वृक्ष-वेलींचा केवढा ठेवा सांभाळून आहे, हे जगापुढे आले. ज्याला अंधश्रद्धा म्हणून हिणवले जात होते, त्यातील शहाणपण अभ्यासातून सिद्ध झाले. नुसत्या अभिमानाने ते सिद्ध झाले नसते.

विद्यापीठ गावापर्यंत नेण्याचा प्रयोगही एका मराठी माणसाने करून दाखवला. हिंगोली जिल्ह्यातील कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांनी १९९१ मध्ये चित्रकूट येथे ग्रामोदय विश्वविद्यालय उभे केले. दीनदयाळ शोध संस्थानाच्या माध्यमातून त्यांनी सुशिक्षित ‘समाजशिल्पी दांपत्ये’ खेड्यांत राहायला पाठवली. गावाचा प्रश्न गावात राहूनच कळतो, हा त्यांचा आग्रह होता. २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न दिले गेले. त्यांच्या जन्मभूमीतील किती विद्यापीठांनी हा आग्रह स्वीकारला?

प्राध्यापकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. अनेक जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात, तासिका तत्त्वावरील शिक्षक तुटपुंज्या मानधनावर राबतात, आणि बढतीसाठी मोजले जातात ते शोधनिबंध. गावाचा जलआराखडा तयार करणाऱ्या प्राध्यापकाला त्याचे श्रेय मिळत नसेल, तर तो विहिरीवर कशासाठी जाईल? म्हणून जागा भरल्या पाहिजेत आणि स्थानिक संशोधनाला मूल्यमापनात मानाचे स्थान दिले पाहिजे. त्यासोबत प्रत्येक विद्यापीठाने आपल्या क्षेत्रातील माती, पाणी आणि जैवविविधता यांचा वार्षिक अहवाल सोप्या मराठीत प्रसिद्ध करावा आणि तो ग्रामसभांपर्यंत पोहोचवावा. ज्या गावातून माहिती घेतली, त्या गावाला ती परत मिळालीच पाहिजे.

हे घडवणे आपल्या हाती नाही असे म्हणून सुटका नाही. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार नोंदणीकृत पदवीधर अधिसभेवर १० सदस्य निवडून देतात. आपल्यापैकी किती जणांनी पदवीधर म्हणून नोंदणी केली आहे? किती जणांनी उमेदवाराला आपल्या नदीविषयी एक प्रश्न विचारला आहे? महाविद्यालयांच्या संस्थाचालकांत, प्राध्यापकांत आणि विद्यार्थी चळवळीत आपले कार्यकर्ते आहेत. त्यांनी येत्या सत्रात एका महाविद्यालयातील एक तयार प्रकल्पवही जरी बंद केली आणि तिच्या जागी एका गावाची खरी नोंद सुरू केली, तरी भूमीचे ऋण फेडण्यास प्रारंभ होईल. विहिरीत डोकावून पाहणारा पदवीधर घडवणे हीसुद्धा राष्ट्रसेवाच आहे.