पहिल्या आठवड्याची घाई आणि खेळाडूची पारख

मार्च महिन्यात आय.पी.एल.चा पहिला चेंडू पडण्याआधीच वऱ्हाडातील घराघरांत संघनिवड सुरू होते. अमरावतीचा राजकमल चौक असो की अकोल्याचा टिळक मार्ग, चहाच्या पेल्याबरोबर एकच प्रश्न निघतो : पहिल्या सामन्यासाठी आपले अकरा कोण? मोबाईलवरील या आभासी संघाचे गणित वरकरणी सोपे आहे. दोन्ही संघांतून मिळून अकरा खेळाडू निवडायचे. धाव, बळी, झेल यांचे गुण मोजायचे. कर्णधार केलेल्याचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट.

हा निव्वळ जुगार आहे, असे म्हणून विषय झटकून टाकणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नव्हे. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ड्रीम इलेव्हनच्या प्रकरणात, असा संघ निवडण्यात कौशल्याचा भाग प्रधान आहे, असे मत दिले होते. कौशल्य आहे हे मान्य करूया. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. कौशल्याला आधार लागतो तो माहितीचा, आणि स्पर्धेच्या पहिल्या आठवड्यात माहिती सर्वांत कमी व उत्साह सर्वांत अधिक असतो. नेमक्या याच आठवड्यात माणूस नावावर भाळतो.

उदाहरण आपल्याच मातीतले घ्या. अमरावतीचा जितेश शर्मा. आय.पी.एल. २०२५ पूर्वीच्या लिलावात बंगळुरूने त्याला ११ कोटी रुपयांना घेतले. साहजिकच अनेक वऱ्हाडी घरांना २२ मार्च २०२५ रोजी कोलकात्याला झालेल्या पहिल्या सामन्यात तो आपल्या संघात असावा असे वाटले असेल. प्रत्यक्षात बंगळुरूने तो सामना सात गडी राखून जिंकला आणि जितेशला फलंदाजीची पाळीच आली नाही. तोच जितेश २७ मे रोजी लखनौला, साखळीच्या अखेरच्या सामन्यात, २२८ धावांच्या लक्ष्याचा पाठलाग करताना ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा काढून गेला. दोन महिन्यांत खेळाडू बदलला नव्हता, त्याच्या वाट्याला आलेले काम बदलले होते. मधल्या फळीच्या तळाशी खेळणाऱ्याचे मोल संघ अडचणीत आल्यावर कळते.

उलट बाजूही पाहा. त्याच वर्षी २३ मार्चला हैदराबादकडून ईशान किशनने नाबाद १०६ धावा केल्या. पुढच्या सामन्यात त्याला कर्णधार करण्याचा मोह कोणाला आवरला असेल? तो पहिल्याच चेंडूवर शून्यावर बाद झाला. एका डावाचे तेज म्हणजे फॉर्म नव्हे, हे पहिल्या आठवड्यात हमखास विसरले जाते.

अकोल्याचा अथर्व तायडे हाही त्याच हंगामात हैदराबादच्या ताफ्यात होता. डावखुरा सलामीवीर; पण सलामीच्या जागा अभिषेक शर्मा आणि ट्रॅव्हिस हेड यांनी व्यापलेल्या. संधी नगण्य म्हणून कोणी त्याला सामान्य ठरवले असेल, तर त्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला झालेल्या इराणी करंडकाच्या सामन्यात विदर्भाकडून झळकावलेले शतक आठवावे. गुणवत्ता आणि संधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आभासी संघाला संधी मोजता येते. गुणवत्ता जोखायला डोळे लागतात.

मग पहिल्या आठवड्यात पाहावे तरी काय? लिलावातील किंमत पाहू नये. ती मालकाची गरज सांगते. फलंदाज कितव्या क्रमांकावर येतो आणि त्याच्या वाट्याला किती चेंडू येतील, हे आधी पाहावे. गोलंदाज नव्या चेंडूने व अखेरच्या षटकांत टाकतो का, हे पाहावे; बळी तेथेच पडतात. नुकत्याच आटोपलेल्या देशांतर्गत स्पर्धांतील कामगिरीला गेल्या वर्षीच्या कीर्तीपेक्षा अधिक वजन द्यावे. २०२३ पासून ‘इम्पॅक्ट प्लेअर’चा नियम आहे, त्यामुळे एखादा मोठा खेळाडू फलंदाजीपुरताच मैदानात येतो व त्याच्या झेलांचे गुण बुडतात. आणि नाणेफेकीनंतर अंतिम अकरा जाहीर होईपर्यंत निर्णय राखून ठेवावा. कर्णधार असा निवडावा ज्याला काम हमखास मिळेल : सलामीवीर किंवा चारही षटके टाकणारा अष्टपैलू.

एवढे करूनही पहिल्या आठवड्यात अंदाज चुकणारच. म्हणूनच त्यावर घरातला पैसा लावणे हा अविवेक होता. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाईन खेळांना बंदी घालणारा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. कायद्याचा रोख असे खेळ चालवणाऱ्यांवर आहे. केवळ खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. याचाच अर्थ असा की, खेळणाऱ्याला आवरण्याचे काम कायद्याने कुटुंबावर सोपवले आहे. एक दार बंद झाले की चोरवाटेचा सट्टा दुसरे उघडतो, हे वऱ्हाडातील पालकांना वेगळे सांगायला नको.

तरुणाच्या हातून मोबाईल हिसकावून हे साधणार नाही. त्याच्यातील पारख जागी ठेवून पैसा तेवढा बाजूला काढला पाहिजे. अमरावतीत १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. अशा आखाड्यांच्या परंपरेत वस्ताद पहिल्या दिवशी कोणाला मल्ल ठरवत नाही. तो महिनोन्‌महिने पाहतो : पोरगा पहाटे येतो का, हरल्यावर पुन्हा माती अंगाला लावतो का. पारख अशी सावकाश पिकते.

यंदा पहिल्या आठवड्यात घरातल्या सर्वांनी मिळून एका वहीत आपापले अकरा लिहावेत आणि प्रत्येक नावापुढे निवडीचे कारण एका ओळीत नोंदवावे. सामना संपल्यावर गुणांबरोबर ती कारणेही तपासावीत. कोणाचे कारण टिकले आणि कोणाचे केवळ नशीब फळले, हे महिन्याभरात त्या वहीतूनच उमगेल. मुलांना क्रिकेट कळेल, घरचा पैसा घरात राहील. आणि जितेश किंवा अथर्व मैदानात उतरेल तेव्हा त्याच्याकडे आपला मुलगा गुणांचा आकडा म्हणून न पाहता आपल्या गावचा कष्टाळू खेळाडू म्हणून पाहील.