पहिला रोजा आणि शेजारधर्म

कालगणनेने गेल्या काही वर्षांत मुंबईकरांपुढे एक विलक्षण योग मांडला. २०२४ साली गुढीपाडवा ९ एप्रिलला आला, तर रमजान ईद ११ एप्रिलला. २०२५ साली ३० मार्चला गिरगावात नववर्षाच्या गुढ्या उभ्या राहिल्या आणि दुसऱ्याच दिवशी ईद झाली. २०१० साली तर गणेश चतुर्थी आणि ईद ११ सप्टेंबर या एकाच दिवशी होत्या. यामागे साधे गणित आहे. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचे असते आणि आपल्या पंचांगाप्रमाणे त्यात अधिक मास धरला जात नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत साऱ्या ऋतूंची प्रदक्षिणा पूर्ण करतो.

सण असे शेजारी आले. माणसे शेजारी राहिली काय, हा खरा प्रश्न आहे.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया मार्गावरील हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक जीव गेले. भेंडी बाजाराच्या या भागात २००९ पासून सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टची पुनर्विकास योजना सुरू होती. साडेसोळा एकर जागा, सुमारे २५० जुन्या इमारती आणि ३,२०० कुटुंबे असा तिचा पसारा. इमारत पाडायची, तर बिऱ्हाड आधी हलविणे क्रमप्राप्तच. साहजिकच अनेक दाऊदी बोहरा मुलांच्या वाट्याला काही वर्षे नवी वस्ती आली.

अशा वस्तीत आठ-नऊ वर्षांच्या मुलाने पहिला रोजा धरला, तर काय होत असेल? वयात येण्यापूर्वी रोजा बंधनकारक नाही. मूल तो हौसेने धरते. जुन्या मोहल्ल्यात पहाटे सारी गल्ली जागी असे, संध्याकाळी त्याचे कौतुक करायला आप्तेष्ट जमत. नव्या इमारतीत पहाटे दिवा लागतो तो एकाच खिडकीत. बोहरा समाजाची दिनदर्शिका गणिती असल्याने त्यांचा रमजान बहुधा एक-दोन दिवस आधीच सुरू होतो; म्हणजे त्या पहाटे इतर मुसलमान घरेही झोपलेलीच! शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडतात, तेव्हा ते पोर एकटे पडते. त्या क्षणी शेजारची काकू काय म्हणते, यावर त्या बालमनात या शहराचे चित्र कायमचे उमटते.

लालबाग-परळच्या चाळींना हे निराळे शिकवावे लागले नाही. सामाईक गॅलरीत कोणाचा उपवास, कोणाचे सुतक, कोणाचा रोजा हे आपोआप कळे. कोकणी मुसलमानाला मराठी परकी नव्हती. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई मराठीतच लिहीत राहिले आणि १९७० मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. आज त्याच गिरणगावात टोलेजंग इमारती उभ्या आहेत आणि घर देण्याघेण्यापूर्वी आडनाव विचारले जाते, स्वयंपाकघरात काय शिजते याची चौकशी होते. मासे खातो म्हणून मराठी माणसाला घर नाकारले की आपला संताप अनावर होतो. तो रास्तच आहे. मात्र तोच न्याय रोजा धरणाऱ्या घरालाही लावावा लागेल. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व स्वसमाजापुरते राखण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरविला. परंतु कायदा ज्याला मुभा देतो, ते सारेच समाजाने हितकर मानावे असे नाही.

अर्थात टाळी एका हाताने वाजत नाही. मुसलमान कुटुंबानेही दार उघडे ठेवले पाहिजे, मुलाला मराठी मित्र मिळू दिले पाहिजेत, उत्सवाच्या मंडपात त्याला मोकळेपणाने जाऊ दिले पाहिजे. आपापल्या भिंतीआड राहणाऱ्यांना एकमेकांविषयी कळते ते केवळ अफवांतून. आणि अफवांची किंमत या शहराने १९९२-९३ मध्ये मोजली आहे.

समरसता भाषणांतून येत नाही. ती सोसायटीच्या सभेत, घराचा अर्ज वाचताना आडनावापाशी न थांबण्यातून येते. दिवाळीचा फराळ त्या घरी पोहोचण्यातून आणि तिथला शीरखुर्मा किंवा दोन खजूर निःसंकोच स्वीकारण्यातून येते. या शहरात हिंदू समाज बहुसंख्य आहे. पहिले पाऊल टाकण्याची जबाबदारी मोठ्याचीच असते, आणि त्यातच त्याचे मोठेपण आहे.