उलटण्याची तालीम
उलटलेल्या कयाकमध्ये पुन्हा चढणे हे पोहण्याहून वेगळे कौशल्य आहे, आणि तलावात एकदा जमले म्हणजे समुद्रात जमेलच असे नाही. जिनो वॉटकिन्स हा ब्रिटिश शोधप्रवासी ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांकडून उलटी कयाक वल्ह्याच्या जोरावर सरळ करायला शिकला होता. तरी 1932 मध्ये तिथेच एकटा सीलच्या शिकारीला गेला तो परतलाच नाही. तेव्हा एकच डाव येऊन भागत नाही. कयाकबाहेर फेकले गेलो, तर वल्ह्याच्या टोकाला फुगा अडकवून आत कसे चढायचे, भरलेले पाणी कसे उपसायचे, हेही लाटांत हाताला सवयीचे हवे. लाइफ जॅकेट आहे ना, असे कोणी म्हणेल. ते तरंगत ठेवते, परत आणत नाही. गारठलेल्या पाण्यात पहिल्या मिनिटातच धाप लागते आणि दहाएक मिनिटांत बोटे ऐकेनाशी होतात. मग सोबती? 1993 मध्ये इंग्लंडच्या लाइम बेमध्ये शाळकरी मुलांबरोबर प्रशिक्षक होते. वाऱ्याने सगळेच आत लोटले गेले, कयाक पाण्याने भरल्या आणि चार मुले दगावली. कोकण-गोव्याचे पाणी कोमट, हे खरे, पण त्याने मिळतो तो थोडा जास्त वेळ. पहाटेचा मतलई वारा आणि ओहोटी एकत्र आली की सुटलेली रिकामी कयाक भल्या पोहणाऱ्यालाही गवसत नाही. तालीम आधी छातीभर पाण्यात, किनाऱ्याकडे येणाऱ्या वाऱ्यात करावी. मग दमलेल्या अंगाने. शिट्टी आणि वायरलेस मात्र कयाकच्या कप्प्यात नव्हे, अंगावरच बांधलेले असावेत.