शिष्यवृत्तीच्या आधीचे वय

कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी शासन काय करते, असा प्रश्न केल्यास उत्तर निराशाजनक नाही. अपंगत्व किमान ४० टक्के आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर केंद्राच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगांसाठी उच्च शिक्षणात किमान ५ टक्के आणि शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखल्या. त्या चारांतील एक टक्का श्रवणदोष असणाऱ्यांचा. हे स्वागतार्हच आहे. परंतु ही शिष्यवृत्ती सुरू होते इयत्ता नववीपासून, आणि कर्णबधिर बालकाचे भवितव्य बहुतांशी ठरते ते पहिल्या पाच वर्षांत.

जन्मतः ऐकू न येणाऱ्या बालकापर्यंत भाषाच पोहोचली नाही, तर त्याची बौद्धिक वाढ खुंटते. म्हणूनच केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत अशा बालकांच्या कॉक्लिअर इम्प्लांट शस्त्रक्रियेसाठी पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाच्या तपासणीचा अंतर्भाव असून, त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येणे अपेक्षित आहे.

मात्र परभणी जिल्ह्यातील वास्तव ध्यानात घेतले पाहिजे. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. पथक गावात येते तेव्हा मूल कुठल्याशा फडावरच्या कोपीत असते. ‘त्याचा बापही उशिराच बोलला’ अशी घरातले समजूत घालतात आणि मोलाची वर्षे हातची जातात. असे मूल नववीपर्यंत पोहोचणारच कसे?

येथे कार्यकर्त्यांचे कर्तव्य सुरू होते. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणे हे काम चांगलेच; पण त्याआधी, कुटुंबे बाहेर पडण्यापूर्वी, वस्तीतील दोन वर्षांच्या आतील बालकांची विचारपूस व्हावी. टाळी वाजवून पाहणे पुरेसे नाही; हालचाल दिसली तरी मूल वळते. शंका येताच ‘बेरा’ तपासणी करवून घ्यावी आणि अपंगत्व प्रमाणपत्रासह वैश्विक ओळखपत्रही काढून द्यावे.

शस्त्रक्रिया प्रत्येकाला लाभेलच असे नाही. तेथे सांकेतिक भाषेला कमी लेखू नये. २०१५ साली दिल्लीत स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१पर्यंत दहा हजार संज्ञांचा कोश सिद्ध केला. आई-वडिलांनीही ही भाषा शिकावी, यासाठी तालुक्याच्या ठिकाणी वर्ग चालविणे समाजाच्या आवाक्यातले आहे. त्यासाठी शासनाच्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.