उपचारानंतरचे चित्रण

१९४१ साली परळ येथे स्थापन झालेल्या टाटा रुग्णालयातून, तंबाखूजन्य कर्करोगाने ग्रासलेल्या जिभेवर वा गालावर शस्त्रक्रिया व किरणोपचार होऊन रुग्ण घरी परततो, तेव्हा प्रकरण दप्तरदाखल झाले असे त्याच्या आप्तांस वाटते. वस्तुतः रोग उलटण्याचे भय पहिल्या २ वर्षांतच सर्वाधिक असते. किरणांनी सुजलेल्या, घट्ट झालेल्या मानेत जुना व्रण कोणता आणि नवे अर्बुद कोणते, हे केवळ चाचपून निष्णात शल्यविशारदासही पुष्कळदा सांगता येत नाही. तेथे एमआरआय उपयोगी पडतो: दाट पेशींच्या अर्बुदात पाण्याच्या रेणूंचे चलनवलन कुंठित झालेले दिसते, तर जुन्या व्रणाचे तंतू बहुधा काळसर उमटतात. लक्षणे नसलेल्या प्रत्येकास वारंवार यंत्रात घालावे, असे माझे म्हणणे नाही. घशात डोकावून पाहणाऱ्या डॉक्टरची जागा यंत्र घेत नाही. परंतु पुढील तुलनेसाठी, सूज ओसरल्यावर, सुमारे ३ महिन्यांनी घेतलेले एक आधारचित्र हवेच. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणाऱ्या परगावच्या कुटुंबाने चित्रणासाठी एकदा आणि निष्कर्षासाठी पुन्हा मुंबई गाठावी, ही कल्पनाच मला निर्दय वाटते. म्हणून सरकारी योजनांनी शस्त्रक्रियेच्या मंजुरीबरोबरच या चित्रणाच्या खर्चाची व तारखेची तजवीज करावी, आणि चित्रण व निष्कर्ष ही दोन्ही कामे एकाच खेपेत उरकावीत.