मार्क पडणारा विषय

लातूर जिल्ह्यातल्या जळकोटात अकरावीला मानसशास्त्र घेतलं, असं सांगितलं की दोनच शेरे ठरलेले. ‘म्हणजे आता समोरच्याच्या मनातलं ओळखणार का?’ आणि ‘घे, घे, मार्क पडतात.’ पहिला शेरा मारणाऱ्याने पुस्तक उघडलेलं नसतं. दुसऱ्याने ते परीक्षेपुरतंच उघडलेलं असतं.

बारावीच्या पुस्तकात बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, भावना, मानसिक विकृती असे आठ पाठ आहेत. मनकवडेपणाचा एकही नाही. 1879 साली विल्हेल्म वुंटने लायपझिगमध्ये प्रयोगशाळा थाटली, तेव्हापासून या शास्त्राने मोजून दाखवण्याचा हट्ट धरलाय. त्याची चव घ्यायला वही आणि चार रंगीत पेनं पुरतात. हिरव्या पेनाने ‘लाल’ लिहायचं, निळ्याने ‘पिवळा’, अशी दहा-बारा शब्दांची ओळ करायची आणि शेजारच्याला सांगायचं, शब्द वाचू नको, शाईचा रंग सांग. तिसऱ्या-चौथ्या शब्दाला गाडी अडखळतेच. वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की डोळ्यांना ते थांबवता येत नाही. 1935 साली जॉन स्ट्रूपने केलेला हा प्रयोग जळकोटच्या बाकावरही तेवढाच बिनचूक होतो.

बुद्धिमत्तेच्या धड्यात बुद्धिमापनाची कसोटी बनवणारा बिने येतो, तिथे आपल्या माणसालाही थोडी जागा हवी होती. व्ही. व्ही. कामत यांनी 1930च्या दशकात धारवाडकडच्या मराठी आणि कानडी मुलांवर बिनेची परदेशी कसोटी घासूनपुसून बघितली, प्रश्न इथल्या मुलांना लागू पडतील असे बदलले. ‘बिने-कामत कसोटी’ पुढे कित्येक दशकं देशभर वापरली गेली. तिचं मूळ महत्त्व एवढंच की, परक्या मुलुखातल्या प्रश्नाला आपलं पोरगं गप्प बसलं तर दोष पोराचा की प्रश्नाचा, हे आधी तपासलं गेलं.

या भागात मात्र विषयाची खरी गंमत अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’पाशी आहे. धडा झाला की चाचणी, चाचणी झाली की पुन्हा चाचणी. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने स्वतःवरच निरर्थक अक्षरजोड्यांचे प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला आणि 1885 साली प्रसिद्ध केला: पाठांतरानंतर पहिल्या काही तासांतच सर्वांत जास्त गळती. पुढे 2006 साली रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं. म्हणजे लातूरच्या मास्तरांनी जे अनुभवाने हेरलं, त्याला प्रयोगशाळेने नंतर शिक्का दिला. त्याच शास्त्राची दुसरी बाजू मात्र पॅटर्नवाल्यांनी सोयीने बाजूला ठेवली: झोप मारली की आठवणही पक्की होत नाही. आणि विरोधाभास असा की, वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला खोली करून राहणाऱ्या पोरांच्या वाट्याला हा विषय बहुधा येतच नाही. तो येतो गावाकडे कला शाखेत राहिलेल्यांच्या वाट्याला. ज्याला ताण कशाला म्हणतात ते रोज सोसावं लागतं, त्याच्या वेळापत्रकात ताणाचा धडा नाही.

विकृतीच्या प्रकरणाला तर याच जिल्ह्याचा इतिहास जोडून शिकवता येतो. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणेश विसर्जन करून गाव झोपलं होतं आणि किल्लारी परिसरातली माळवदाची घरं दगडमातीसह अंगावर आली. हजारो माणसं गेली. जी उरली त्यांना छताखाली डोळा लागेना. आवाज झाला की अंगणात धाव. तेव्हा गावात त्याला ‘धसका’ म्हणत. आघातानंतरचा हा तणाव 1980 सालीच अमेरिकी निदान-पुस्तिकेत आजार म्हणून नोंदला गेला होता. पण किती घरांत तो ‘बाहेरचं’ समजून उताऱ्यावर, अंगाऱ्यावर निभावला गेला असेल! हा विषय घेतलेल्या इथल्या अकरावी-बारावीच्या पोराला निदान एवढं तरी कळतं की, रात्ररात्र न झोपणाऱ्या काकाला आधी डॉक्टरकडे न्यायचं, मग हवं तर देवाला.

तेही सरळ नाही. जळकोट 1999 साली तालुका झाला, पण मनाच्या डॉक्टरसाठी एसटीने उदगीर नाहीतर लातूर गाठायची सवय मोडलेली नाही. आता फोनवर ‘टेलिमानस’ आहे, 14416. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा मराठीतही बोलते आणि पैसे लागत नाहीत. वर्गाच्या फळ्यावर हा नंबर वर्षभर न पुसता ठेवायला हरकत नाही, अगदी शेजारच्या विज्ञानाच्या वर्गातसुद्धा.